गुलाबी ओळी

ओसाकातल्या त्या ऑफिसची पार्टी म्हटली की कराओकेची खोली आली, आणि खोली आली की ओनिझुकासाहेबांचं ते प्रेमिकांचं युगुलगीत आलंच. पडद्यावर पुरुषाच्या ओळी निळ्या, बाईच्या गुलाबी. गुलाबी ओळी कायम त्यांच्या हाताखालच्या नाएकोच्या वाट्याला, आणि साहेबांचा हात तिच्या कमरेला. एकदा तिने तो झटकला, तर साहेब खो खो हसले. "अगं, गाणंच तर आहे! एवढं काय मनावर घेतेस?" बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका काही सोडला नाही.

आज तिने स्वतःच ते गाणं लावलं. "बघा, लागली की नाही गोडी पोरीला!" म्हणत साहेब टाय सावरत उठले. निळी ओळ आली. नाएकोने साहेबांच्या कमरेला घट्ट विळखा घातला आणि ती ओळ खड्या आवाजात स्वतःच म्हटली. टाळ्या थांबल्या. पाठोपाठ गुलाबी ओळ आली, आणि पडद्यावर एकटीच सरकत राहिली. साहेब लालबुंद.


"गा ना, साहेब," ती माइकवरूनच म्हणाली. "गाणंच तर आहे! एवढं काय मनावर घेता?"