साडेतीनशे पाहुण्यांचा पोळा

शेवटचा बैल जाऊन तीस वर्षं झाली, तसा सरकारने पोळा कॅलेंडरातून काढून टाकला. ज्याचा सण तोच उरला नाही, म्हणे! त्या दिवशी काम बंद ठेवील त्याचं कोळपणीचं यंत्र जप्त.

म्हातारी भिवराबाई कसली ऐकतेय! आदल्या संध्याकाळी तिने आपल्या यंत्राच्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि सासऱ्याच्या रीतीने हळूच सांगितलं, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये. उद्या तुला जुंपायचं नाही."

यंत्रं आपसात बोलतात, हे मात्र ती विसरली.

सकाळी बघते तर अख्ख्या तालुक्याची साडेतीनशे यंत्रं दारात रांगेने उभी! मागोमाग जप्तीचा साहेब धापा टाकत आला.

"चला शेतात!" तो ओरडला.

"आज जुंपायचं नाही, साहेब," पुढचं यंत्र म्हणालं. "बाईंचं आवतण आहे."

"म्हातारे, लोखंड कधी पुरणपोळी खातं का?"

"राबतं त्याला ताट वाढायचं, एवढंच मला ठाऊक," भिवराबाईने चुलीवर तवा ठेवला. "तुम्हीही बसा रांगेत. अन् सांगा बघू, आज सणाच्या दिवशी तुम्हाला कुणी जुंपलं?"