डावी कळी

शेवंती गेल्याची बातमी कोरगावात पसरली, तेव्हा सर्वांत आधी दारात आला तो देवळातला गुरव. तिचा नवरा शिवदास त्याच्याकडे बघेना.

अंदमानला जाऊन समुद्रात बुडी मारायची आणि तळातले मासे पाहायचे, हा शेवंतीचा हट्ट. मोपाहून विमान, पुढे बोट, डॉक्टरचा दाखला, बुडीनंतर विमानाआधी एक दिवस मोकळा, असे सगळे तिने वहीत लिहून ठेवले होते. दर दिवाळीला शिवदास देवाच्या अंगाला कळ्या चिकटवून कौल लावतो म्हणून निघायचा, नाक्यावर चहा प्यायचा आणि घरी येऊन सांगायचा, "डावी कळी पडली गो. देव नको म्हणतो."

गुरव शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "वैनी तुझ्या पाठसून देवळात येय. कळी दर खेपेक उजवीच पडे. मी म्हटलंय, शिवदासाक सांगू काय? तर हसान म्हणाली, 'नको. त्यांका पाण्याचा भय वाटता. त्यांच्यासाठी देवान थोडी बदनामी सोसली तर काय बिघडता?'"



शिवदासने तिची वही पुढ्यात ओढली आहे. वहीत सगळे ठरलेले आहे. त्याचे तिकीट मात्र अजून काढायचे आहे.