कॅसेटमधली आई

"जरा जपून हं," भिंगरी म्हणाली. "माझ्या आईचा आवाज आहे त्यात."

"आवाज कॅसेटमध्ये असतो, ताई. कॉम्प्युटर नुसता ऐकवतो. पण ही कॅसेट याच जातीच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालते, टेपरेकॉर्डरवर नाही." मेकॅनिकने शेवटचा स्क्रू काढून पिवळं पडलेलं झाकण उचललं.

घरातलं लाडाचं नाव भिंगरी, पण सातवा महिना लागल्यापासून बाईसाहेबांना खुर्चीतून उठायलाही आधार लागत होता. तरी हट्ट एकच, बाळाला आजीचा आवाज ऐकवायचा. आई ती तान्ही असतानाच गेली. आठवत होता तो फक्त झोपताना या कॉम्प्युटरमधून येणारा खरखरता आवाज. ही तुझी आई बोलतेय, असं बाबा सांगायचे. मग एक दिवस तो आवाज गेला.

मागच्या स्टुलावर मावशी पर्स आवळून बसली होती. मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. ती घरात आली आणि वर्ष-दोन वर्षांत आवाज गेला. कॅसेट कुणी पुसली, हे भिंगरीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आई म्हणून तिने मावशीला कधी हाक मारली नाही.

"राहू दे ना गं," मावशी पुन्हा म्हणाली. "कशाला जुनं उकरून काढायचं?"

"का? भीती वाटते?"



मेकॅनिकने भिंग धरून चिपवरचा नंबर वाचला. "हा कधी दुरुस्त केला होता का?"

"मी पहिलीत असताना. बाबांनी."

"तेव्हाच आवाजाची चिप बदललीय. ही नंतरची, सुधारलेली. जुन्या चिपमध्ये एक दोष होता, त्या दोषामुळेच माणसाचं बोलणं ऐकू यायचं. कंपनीने दोष काढला आणि बोलणंही गेलं. कॅसेट कुणी पुसलेली नाही."

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, मी तुला नाही नाही ते बोलले गं! तू एकदा तरी सांगायचंस, मी नाही पुसली म्हणून."

"अगं वेडाबाई, रडतेस काय? झालं गेलं. चल घरी."

"छे! आता ऐकूनच जाणार."

मेकॅनिकने फळीवरून जुन्या चिपचा दुसरा कॉम्प्युटर उतरवला आणि कॅसेट लावली. मावशी उठून दाराशी जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे बघत.

थोडी खरखर झाली. मग आवाज आला, "झोप गं वेडाबाई. रडतेस काय? आई इथंच आहे."

भिंगरीने डोळे मिटून पोटावर हात ठेवला. मेकॅनिकने आवाज वाढवून तेच पुन्हा लावलं आणि चकित होऊन दाराकडे पाहिलं.

"अहो काकू, हा तर तुमचाच आवाज!"