वंशाचा रकाना

आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव बरोबर होतं, तारीख बरोबर होती, मधुमेहसुद्धा बरोबर होता. वंशाच्या रकान्यात मात्र 'गोरी' असं लिहिलं होतं. डेल्फिन तो दाखला घेऊन अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या कौंटी कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली.

"अंत्यविधीवाले चेहरा बघून भरतात हो," कारकून म्हणाला. "केस पांढरे, रंग जरा उजळ. विचारायचं राहून गेलं असेल. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

"ऐंशी वर्षं या गावातल्या दुकानांत पहारेकरी तिच्या मागे मागे फिरले," डेल्फिन म्हणाली. "त्यांना नाही कधी काही विचारावं लागलं."

कारकुनाने दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला. तिने त्यावर आईचं मूळ अमेरिकी आदिवासी जमातीचं ओळखपत्र ठेवलं.

तीन महिन्यांनी नवा दाखला घेऊन ती रिझर्व्हेशनवरच्या, जमातीच्या राखीव वस्तीतल्या दवाखान्यात काम करणाऱ्या भाचीकडे गेली. भाची वर्षभर मृत्यूच्या सरकारी नोंदी जमातीच्या यादीशी ताडून बघत होती. "मावशी, आपली माणसं मेली की गोरी होतात," ती नेहमी म्हणायची, "आणि सरकारला वाटतं, आपण सगळे ठणठणीत आहोत."

आज तिने दाखला वाचला आणि पडद्यावरचा जमातीच्या मृतांचा आकडा बदलला. "आजीला धरून दोनशे बारा."

डेल्फिन मान ताठ करून त्या वाढलेल्या आकड्याकडे बघत राहिली.

"आली," ती म्हणाली. "आली एकदाची आपल्या माणसांत."