उपाशी बरणी

घड्याळजींनी बरणीचं झाकण उघडलं आणि चटकन मान मागे घेतली. नेहमीचा आंबूस वास नव्हता, कुजका होता. वर काळपट पाणी, खाली राखाडी गाळ, कडेला बुरशी. त्यांनी बरणी खिडकीत उजेडाला धरली. डोळ्याला भिंग लावूनही पाहिली. एकसुद्धा बुडबुडा दिसेना. पाव फुगवायचं बायकोचं खमीर मेलं होतं, आणि बायको उद्या सकाळी घरी येणार होती.

मुलीच्या बाळंतपणाला जाताना तिनं एकच काम सांगितलं होतं. "घर नाही झाडलंत तरी चालेल. पण बरणीला रोज चमचाभर पीठ आणि घोटभर पाणी द्या. आईनं लग्नात दिलंय ते मला." या घरातला प्रत्येक पाव त्या बरणीतल्या खमिरावर फुगलेला होता.

ती गेली आणि पाठोपाठ गिरणी बंद पडली. दुकानांतून पीठ नाहीसं झालं. घड्याळजी रांगांत उभे राहिले. एका दुकानदाराचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून त्याच्याकडून वाटीभर मिळवलं. चष्मेवाल्याकडून मूठभर, शाळेच्या शिपायाकडून दोन मुठी. असं करत डबा भरला. बायको प्रवासातून दमून येईल, तिच्यापुढे घरचा गरम पाव ठेवायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून त्यातला कणही त्यांनी खर्चला नाही. स्वतः उकडलेल्या बटाट्यांवर राहिले. बरणीलाही काही दिलं नाही. रोज चमचा चमचा करत अर्धा पाव ही बरणीच खाऊन टाकेल, असं त्यांना वाटलं.

"बरणी कशी आहे?" बायको फोनवर विचारायची.

"मजेत," ते सांगायचे.

आता पीठ डबाभर होतं आणि ते फुगवायला काहीच नव्हतं. दुकानातली यीस्टची पाकिटं तर पिठाच्याही आधी संपली होती. गावभरच्या घड्याळांना किल्ली देणाऱ्या माणसानं घरातली एकच चालती वस्तू बंद पाडली होती.

तशी दुसरी बरणी गल्लीत एकाच घरी होती. भिंतीपलीकडच्या शिंपीणबाईंकडे. आणि त्यांच्याशी बोलणं बंद होतं. त्यांच्या मांजरानं एकदा कामाच्या टेबलावर उडी मारून, उघडून ठेवलेल्या जुन्या घड्याळाची चाकं अंगणभर उधळली होती. "त्या घराशी आपला संबंध संपला," असं घड्याळजींनी तेव्हा जाहीर केलं. बायको त्यावर हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. आता तिला मुलगी झाली होती.

घड्याळजींनी बरणी उचलली आणि शिंपीणबाईंचं दार वाजवलं. आतलं शिवणयंत्र थांबलं.

"अगंबाई! तुम्ही?" गळ्यात मापाची टेप घातलेल्या शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या. "आता काय केलं मांजरानं? म्हातारं झालंय हो ते, भाऊजी. खुर्चीवरही चढवत नाही त्याला."

घड्याळजींनी बरणी पुढे केली. शिंपीणबाईंनी वास घेतला.

"उपाशी मारलंत की हो."

"पीठ वाचवत होतो."

"कशासाठी?"

"पावासाठी."

शिंपीणबाई इतक्या हसल्या की टेपच्या टोकानं त्यांना डोळे पुसावे लागले. "धन्य आहे! घोडा उपाशी ठेवून गाडी धुवत बसलात. आत या."

त्यांची बरणी खिडकीत होती. झाकण वर उचललं जाईल इतकी फसफसत होती. शेजारी पिठाचा डबा मात्र धुऊन पालथा घातलेला होता.

"शेवटचा चमचा काल यालाच घातला," त्या म्हणाल्या. "माझं काय, बिस्किटांवर भागतं."

घड्याळजी तसेच मागे फिरले. घरी जाऊन पिठाचा अख्खा डबा घेऊन आले आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "दोन पाव करा, वहिनी. एक तुम्हाला."

वहिनी ही हाक किती वर्षांनी निघाली, याचा दोघांनीही उल्लेख केला नाही. शिंपीणबाईंनी दोन पावांचं पीठ मळलं. मग घड्याळजींची बरणी घासायला घेतली. "झाकणाची ही कड अजून फुटकीच आहे," त्या सहज बोलून गेल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांचा हात थांबला. "आता सांगायला हरकत नाही. हे मागेही एकदा मेलं होतं. आपलं बोलणं बंद झालं, त्यानंतरच्या कडक उन्हाळ्यात. मागच्या दारानं आली बिचारी, रडवेली होऊन. याच बरणीत माझ्या खमिरातलं घालून दिलं मी."

घड्याळजी स्टुलावर बसले. "म्हणजे हे सासूबाईंचं नाहीच?"

"मग माझ्याकडचं कुणाचं? मी इथे राहायला आले तेव्हा तिनंच दिलेलं."

घड्याळजींनी झाकणाच्या फुटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा एकदाच आली होती ती?"

"छे हो. दर महिन्याला यायची, बरणी घेऊन. 'मेलं बाई पुन्हा,' म्हणायची."

"दर महिन्याला मरायचं?"

"मेलं एकदाच." शिंपीणबाईंनी धुतलेल्या बरणीत खमीर घातलं, वर चमचाभर पीठ घातलं. "एरवी चांगलं फसफसत असायचं. बरणी मशीनवर ठेवायची आणि चहा होईपर्यंत बोलत बसायची."

मांजर येऊन घड्याळजींच्या पायाशी बसलं. त्यांनी ते हाकललं नाही. थोड्या वेळानं ते उठले आणि आपल्या वाटणीच्या मळलेल्या पिठाचं भांडं घेऊन दाराकडे निघाले.

"अहो भाऊजी, बरणी राहिली."

"राहू दे इथेच," घड्याळजी म्हणाले. "उद्या ती न्यायला येईल. पुढच्या दारानं."