आयुधपूजेची यादी

रणजीतने तीनदा फोन कापला आणि चौथ्यांदा उचलला.

"अण्णा, साक्ष द्यायला यायला नाही हो जमणार. माझं काम अजून चालू आहे. तुमच्या बाजूने बोललो की उद्या माझंही बंद करतील."

"बरं," सूर्यकांत म्हणाला. बेळगावहून आलेल्या या रणजीतला यशवंतपूरच्या पार्सल गोदामात त्यानेच चिकटवलं होतं. पण भांडायला अंगात त्राण तरी हवं ना! कामगार कचेरीतली ही त्याची पाचवी खेप होती.

सात वर्षं त्याने त्या गोदामाची पार्सलं पोचवली. शर्ट मालकाचा, वेळ मालकाची, खाडा झाला की बोलणी मालकाची. स्कूटर तेवढी स्वतःची. मग जुलैतल्या एका सकाळी दारावरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नोकरी गेलेल्या कामगाराला भत्ता मिळतो म्हणून तो अर्ज घेऊन इथे आला, तर कागदोपत्री तो कामगारच नव्हता. 'डिलिव्हरी पार्टनर' होता. म्हणे पार्टनर! चहा प्यायला जायचं तरी विचारून जावं लागायचं.

भत्ता मिळाला तर लेकीचं, अक्षराचं, नर्सिंगचं हे वर्ष निघणार होतं. नाही तर पोरगी घरी बसणार. बायकोने, चंपाने, काल ते सरळ बोलून दाखवलं, आणि मग स्वतःच रडत बसली.

आज मात्र त्याला आशा होती. मागच्या तारखेला अधिकारी रूपश्री मॅडमनी विचारलं होतं, "मालकाने तुम्हाला कामगार म्हटल्याचं कुठे लिहिलेलं आहे का?" तेव्हा त्याला दसऱ्याआधीच्या आयुधपूजेची यादी आठवली. मॅडमनी लगेच कंपनीला त्या याद्या घेऊन यायला बजावलं.

दर वर्षी गोदामाच्या दारात कोहळा फुटायचा, गाड्यांना झेंडूच्या माळा पडायच्या, चाकांखाली लिंबं चिरडायची. मग मालकाकडून प्रत्येकाला चुरमुरे आणि मिठाई भरलेला स्टीलचा डबा. वाटप सूर्यकांतकडे. तरुणपणी बसवनगुडीच्या मठात पंगती वाढलेला माणूस, त्याच्या हातून कुणी सुटायचं नाही. आदल्या दिवशी तो सुवाच्य कन्नडात यादी लिहायचा. वर मालक सांगायचे तसं 'आपले कामगार', खाली मालकांची सही आणि शिक्का. त्याशिवाय दुकानदार डबे सोडायचा नाही.

वाटप करून, दुकानदाराने वर टाकलेला जादा डबा घेऊन तो घरी आला की चंपा डबा उलटसुलट करून बघायची. "अहो, दर वर्षी पोचा आलेलाच कसा उरतो तुमच्यासाठी?"

"चुरमुरे गळतायत का त्यातून?" तो हसायचा.

आत बोलावलं तेव्हा कंपनीचा वकील आधीच बसला होता. "मॅडम, सणाची मिठाई आहे ही," तो म्हणाला. "हा काय पुरावा झाला?"

"स्वल्प थांबा," मॅडम म्हणाल्या. कंपनीने आणलेले मागच्या पाच वर्षांचे पाच कागद त्यांनी पुढे ओढले. "अक्षर कुणाचं?"

"माझं, मॅडम."

"आणि सही?"

वकील घुटमळला. "मालकांचीच."

"सरी, ठीक आहे. स्वतःच्या सहीने 'आपले कामगार' लिहून दिलंय, मग पार्टनर कुठले? यादीतल्या सगळ्यांना मी कामगार धरणार. उद्या कुणाला काढलं तर त्यालाही भत्त्याचा हक्क राहील."

सूर्यकांतचे डोळे भरून आले. पाच खेपांत पहिल्यांदाच कुणी त्याचं ऐकलं होतं. त्याने टेबलाखाली मोबाईल धरून चंपाला दोनच शब्द पाठवले, 'काम झालं.'

मॅडमनी निकालात घालण्यासाठी नावं वाचायला घेतली. पहिलंच नाव रणजीतचं. लेका, साक्षीला न येता पास झालास की, सूर्यकांतच्या मनात आलं, आणि त्याचा रागही गेला.

बाविसाव्या, शेवटच्या नावावर मॅडमची पेन्सिल थांबली. ती पुन्हा वर गेली, सावकाश खाली आली. त्यांनी दुसरा कागद घेतला, मग तिसरा, मग उरलेले दोन. मग चष्मा काढून त्यांनी पाचही कागद त्याच्यासमोर सरकवले.

"सूर्यकांत," त्या म्हणाल्या, "यात तुमचं नाव कुठे आहे?"