प्लॅनिंग टू रिटर्न

दिवाळे गावच्या येसूबाई अमेरिकेला मुलाकडे कायमच्याच निघाल्या होत्या. मासळीबाजारातली बसायची जागाही त्यांनी जावेला देऊन टाकली होती. तरी टुरिस्ट व्हिसाच्या मुलाखतीसाठी पुतणी मिताली महिनाभर त्यांच्याकडून एकच वाक्य घोटून घेत होती, "आय अ‍ॅम प्लॅनिंग टू रिटर्न इन सिक्स मन्थ्स."

"याचा अर्थ काय गो?" येसूबाईंनी एकदा विचारलं.

"काकी, अर्थाचं टेन्शन नको घेऊस. नुसतं पाठ कर."

मुलाखतीच्या दिवशी वकिलातीतल्या खिडकीपाशी जाईपर्यंत ते वाक्य त्यांच्या जिभेवर अगदी तयार होतं. पलीकडच्या गोऱ्या बाईने कागद चाळले आणि हसत, स्वच्छ मराठीत विचारलं, "आजी, परत कधी येणार?"



"आता कसली परत येते गो बाय," येसूबाई बोलून गेल्या.